आमची वाटचाल: कोऱ्या कागदावरचे व्याकरण

पुण्याच्या कोंढव्यात दोन खोल्यांच्या जागेत आम्ही इंग्रजीचे वर्ग सुरू केले, तेव्हा येमेन, सुदान, इराण आणि अफगाणिस्तानातून पुण्यात शिकायला आलेली मुले डोळ्यांसमोर होती. शिकवण्याची पद्धत मात्र आपल्या शाळांतलीच होती: बारा काळांचा तक्ता फळ्यावर लिहायचा आणि पाठ करून घ्यायचा. तक्ता पाठ होई, पण भाड्याच्या खोलीची चौकशी करताना तीच मुले अडखळत.

ब्रिटिश लेखक टोनी बुझान यांनी १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेले माइंड मॅप, म्हणजे मधोमध एक शब्द लिहून त्यापासून फांद्या काढत नेलेले नकाशे, आम्ही त्यावर उपाय म्हणून आणले आणि रंगीत छापून वाटले, ही आमची चूक झाली. ते वह्यांत जपून राहिले, वापरात आले नाहीत. एकदा प्रती संपल्या म्हणून कोरे कागद दिले, तेव्हा येमेनच्या एका विद्यार्थ्याने मधोमध 'टू बी' ('असणे') हे क्रियापद लिहिले, पहिली फांदी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या आपल्या लिपीप्रमाणे डावीकडे ओढली आणि तिच्यावर वर्तमानकाळ न ठेवता भूतकाळ ठेवला. असे का, हे समजून घेण्यात अख्खा तास गेला आणि तो सत्कारणी लागला. अरबीत 'तो डॉक्टर' एवढ्यावर वर्तमानकाळातले वाक्य पुरे होते, 'आहे' लागत नाही. 'होता' म्हणायचे तर मात्र 'काना' हे क्रियापद येते. म्हणजे 'वॉज'ला त्याच्या भाषेत जोडीदार होता, 'इज'ला नव्हता. तेव्हापासून अरबी भाषकांना आम्ही 'वॉज' आधी शिकवतो. फारसी भाषकांचा नकाशा सर्वनामांपासून फुटतो, कारण त्यांच्याकडे 'ही' आणि 'शी' या दोन्हींसाठी 'ऊ' हे एकच सर्वनाम आहे.

छपाईचा खर्च वाचला, पण प्रत्येकाचा कागद शेजारी बसून तपासायचा असल्याने तुकडी बारा जणांवर आणावी लागली. उत्पन्न घटले, तरी हा निर्णय आम्ही बदललेला नाही.

उपपदांचा, म्हणजे 'अ' आणि 'द' यांचा, नकाशा अजून जमलेला नाही. अरबीत 'द'सारखा 'अल' आहे, पण इंग्रजी 'अ'सारखा स्वतंत्र शब्द नाही. फारसीत त्या अर्थाचा 'ई' नामाच्या शेवटी जोडला जातो. आणि मराठीत तर उपपदच नाही, त्यामुळे 'द' कुठे हवा हे सांगताना आम्हांलाही थांबून विचार करावा लागतो. त्या तासाला शिक्षकही कोरा कागद घेऊन विद्यार्थ्यांच्या बाकावर बसतात.