मुलगा दहावीत आहे

विमानतळाची टॅक्सी गेटवर उभी, बॅग लिफ्टमध्ये, आणि दार मिटता मिटता वरच्या मजल्यावरचे काका आत शिरले. हातात पारदर्शक फोल्डर. “व्हिएन्नाला चाललीस ना? तिकडे सगळे नोकऱ्या देणारेच जमणार. आमच्या भाच्याचं बघ जरा.” तीन मजले उतरेपर्यंत नाही म्हणणं काही जमलं नाही. फोल्डर बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात गेलं.

काकांची चूक नाही. एक्झिक्युटिव्ह सर्च म्हणजे काय, हे मला घरातसुद्धा अजून पटवून देता आलेलं नाही. नोकरी हवी असलेल्याला ती मिळवून देणं हे आमचं काम नव्हे. कंपनीला सीईओ हवा असतो, प्लँट हेड हवा असतो. आणि आम्ही नेमका असा माणूस गाठायचा, जो आपल्या जागी सुखात बसलाय आणि ज्याने स्वतःचा बायोडेटा वर्षानुवर्षं उघडलेला नाही. पैसे कंपनी मोजते. साधारण त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचा तिसरा हिस्सा, तोही बहुधा तीन हप्त्यांत. 1993 साली आयबीएम गाळात रुतली तेव्हा तिने अशा दोन फर्म एकदमच कामाला लावल्या होत्या. शेवटी आला तो लू गर्स्टनर, बिस्किटं आणि सिगारेटी विकणाऱ्या आरजेआर नाबिस्कोचा प्रमुख. आधी तो नाही म्हणाला होता. आमच्या धंद्यात ही गोष्ट हरदासाच्या कथेसारखी फिरून फिरून येते, आणि ‘आधी तो नाही म्हणाला होता’ इथे सांगणाऱ्याचा आवाज हमखास चढतो. आई मात्र शेजारणींना एवढंच सांगते, “ती माणसं पळवते.” व्याख्या म्हणून वाईट नाही.

बड्या फर्मची जगभर स्वतःची ऑफिसं असतात. आमच्यासारख्या एकेका शहरातल्या छोट्या फर्म मग एकमेकींचा हात धरतात. पोलंडमधल्या क्लायंटला पुण्याजवळ कारखाना काढायचा असेल तर वॉर्सातला भागीदार ते काम माझ्याकडे पाठवतो. फीची वाटणी ठरलेली असते. पण तोंडही न पाहिलेल्या माणसाच्या हाती आपला क्लायंट कोण देणार? म्हणून वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं.

आता साठ माणसं, प्रत्येकाचा धंदा समोरच्याला बोलतं करायचा, आणि सबंध हॉलमध्ये कँडिडेट एकही नाही. पहिल्या संध्याकाळी मी फिनलंडच्या गृहस्थांना विचारलं, “यंदा काम कसं काय?” त्यांनी मान तिरकी केली. “तुमच्याकडे कसं आहे?” “बरं आहे. पुढच्या वर्षाचं काय वाटतं?” “तुम्हाला काय वाटतं?” दहा मिनिटं आम्ही एकमेकांना असे खोदत होतो आणि पाणी कुठेच लागलं नाही. शेवटी ते म्हणाले, केक चांगला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखपरेड, प्रत्येकी नव्वद सेकंद. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणून आयुष्यभर लोकांना घाम फोडणारी आम्ही मंडळी, माईक हातात आला की शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं पाठ केलेलं बोलत होतो. शेजारच्या ब्राझीलच्या बाईंनी तळहातावर मुद्दे लिहून आणले होते. मला हसू आलं. माझे रुमालाखाली होते.

मग पगाराचा विषय निघाला. ऑस्ट्रियात 2011 पासून नोकरीच्या जाहिरातीत किमान पगाराचा आकडा छापावाच लागतो. न्यूयॉर्क शहरात 2017 पासून उमेदवाराला आधीचा पगार विचारायला बंदी आहे, आणि युरोपियन युनियननेही 2023 च्या निर्देशात तेच सांगून सदस्य देशांना कायदे करायला 7 जून 2026 ची मुदत घालून दिली. पाऊण तास गंभीर चर्चा झाल्यावर कोणीतरी माझ्याकडे वळलं, “आणि भारतात?” म्हटलं, आमच्याकडे ‘हॅलो’नंतरचा प्रश्नच तो. करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटीस पिरियड. हॉल हसला, मीही हसले. जेवताना मात्र ते आठवत राहिलं. मूल झाल्यावर दोन वर्षं घरी राहून, मिळेल त्या पगारावर परतलेली बाई पुढे त्या आकड्याला जन्मभर बांधली जाते. आणि तो आकडा विचारणारी असते मी.

खरी बैठक रात्रीच्या जेवणाला भरली. विषय: शेवटच्या क्षणी फिसकटलेली कामं. मी माझी कहाणी सांगितली. मुंबईचा माणूस, नाशिकचा कारखाना, चार महिन्यांची खटपट, ऑफर लेटरवर सही, वर तीन महिन्यांचा नोटीस पिरियड. रुजू व्हायच्या आदल्या आठवड्यात फोन: “मॅडम, मुलगा दहावीत आहे.” सही करताना तो कितवीत होता हे विचारायचं नसतं. आता यांना दहावी म्हणजे काय ते कसं समजवावं, म्हणून मी ‘बोर्डाची परीक्षा’पासून सुरुवात केली, तर जर्मन गृहस्थांनी हात वर केला. “अबिटूर.” ऑस्ट्रियाचे म्हणाले, “मातुरा.” पोलंडचेही म्हणाले, “मातुरा.” स्वीडनच्या बाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांच्या कँडिडेटच्या मुलीचा घोडा आडवा आला होता. त्याला नवा तबेला मानवला नसता म्हणे.

निघायच्या आदल्या दिवशी पोलंडचे गृहस्थ मला कॅफेत घेऊन गेले. नोव्हेंबर, साडेचारलाच दिवे लागलेले. चकचकीत तबकात मेलांज कॉफी आणि सोबत इवलासा पाण्याचा ग्लास आला. कामाचं बोलणं संपलं तरी ते उठेनात. मग कोटाच्या आतल्या खिशातून घडी केलेला कागद निघाला. “माझा भाचा. त्याला भारतात काम करायचंय.”

मी न बोलता बॅगेची चेन उघडली.

त्यांचा एक पानी, कोपऱ्यात फोटो, तळाशी बारीक अक्षरात ‘माझी वैयक्तिक माहिती वापरायला माझी संमती आहे’. आमचा चार पानी. वडिलांचं नाव, विवाहित की अविवाहित, छंद: वाचन आणि ट्रेकिंग. शेवटी ‘वरील सर्व माहिती खरी आहे’, स्थळ पुणे, तारीख, सही.

ती शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

“हे लिहून द्यावं लागतं तुमच्याकडे?”

“पद्धत आहे.”

“म्हणजे ज्यांनी हे लिहिलेलं नसतं, त्यांचं...?”

मी पाण्याचा ग्लास उचलला.