आमची वाटचाल : खळीने चिकटवलेली चार पानं

नारायण पेठेतल्या दीड खोलीत आम्ही चित्रकथा काढतो. समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांच्या हक्कांच्या लढ्याचा इतिहास, आठवी-नववीच्या मुलांसाठी. भागीदार चित्रं काढायचा, मी कागद उधारीवर आणायचो. टाकाला जी-निब, वॉटरप्रूफ काळी शाई, आणि फुग्यातलं अक्षरसुद्धा हातानेच. वर वेलांटी, खाली उकार, म्हणजे ओळींमध्ये जागा हवीच. एका फुग्यात बारा शब्दांच्या वर जाऊ नये. हल्लीची मंडळी तीस-तीस कोंबतात आणि मुलं वाचत नाहीत म्हणून रडतात.

पहिल्या पुस्तकाची सुरुवात १९३४ पासून होती. लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्व्यांवर खटला, आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे डॉ. आंबेडकर. मग २ जुलै १९९९, कोलकाता, याच हक्कांसाठी पंधरा माणसांची पदयात्रा. त्या पंधरांना भागीदाराने समोरासमोरची दोन्ही पानं दिली. कागदावरून मी भांडलो होतो, आता लाज वाटते. शेवटचं पान २ जुलै २००९ चं. बरोबर दहा वर्षांनी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की, प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ खाली गुन्हा नाहीत. निकाल देणाऱ्या दोघांपैकी न्या. अजित प्रकाश शहा सोलापूरचे, ही चौकट मी हट्टाने घालायला लावली.

दोन हजार प्रती बाइंडरकडून आल्या त्याच आठवड्यात, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. आमचं शेवटचं पान एका दुपारीत खोटं ठरलं. विक्रेत्याने फोनवरच ऑर्डर रद्द केली. पुस्तक सेंटर पिनचं, म्हणजे मधल्या घडीत पिना मारलेलं, त्यामुळे नवी पानं घालायची तर ती मधोमध येणार, कोलकात्याच्या आत २०१३! शेवटी चार पानांची पुरवणी छापून मागच्या कव्हरच्या आत खळीने चिकटवली. रात्री घरचे सगळे बसायचे. पावसाळ्यात त्या खळीला कसर लागली, पाचेकशे प्रती रद्दीत गेल्या. बायकोच्या पाटल्या त्याच वर्षी गहाण पडल्या. भागीदाराने जाहिरात कंपनीत नोकरी धरली. त्याला दोष देत नाही. खळीत मोरचूद घाला, एवढंच सांगतो.

६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी कलम ३७७ चा तो भाग रद्द केला आणि सगळ्यांना एकदम धीर आला. एका मोठ्या प्रकाशनाने गुळगुळीत आर्ट पेपरवर 'मराठीतलं पहिलंच' म्हणून पुस्तक काढलं. असेना. पण त्यांची कोलकात्याची पानं बघा. डावीकडून तिसऱ्या माणसाच्या चपलेचा अंगठा तुटलेला आहे. तो अंगठा कुठल्याही फोटोत नाही, आमच्या भागीदाराने मनाने तोडला होता. पत्र पाठवलं, उत्तर नाही.

साताऱ्याच्या एक निवृत्त बाई २०१४ पासून दर जूनला दहा प्रती मागवतात. पुरवणीवाल्या प्रतीही त्यांनी पूर्ण किमतीत घेतल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा निकाल विरोधात गेला, तेव्हा त्यांचाच पहिला फोन: "शेवटच्या पानांचा फॉर्म छापला नाहीत ना?" नव्हता छापला. गेल्या जूनला मी एक प्रत जास्त टाकली आणि हिशेबात धरू नका असं कळवलं. बाईंनी अकराचे पैसे पाठवले.