सालीखालचा हिरवा थर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा निरोप आला आणि मला नववीतला ऊतींचा, म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींच्या समूहांचा, धडाच आठवला. मी आज कोकणात आंब्याची कलमं बांधतो. माझं पोट त्या धड्यावर चालतं, असं म्हटलं तरी चालेल.

विभाजी, स्थायी, मूल, स्थूलकोन, दृढ ही ऊतींची नावं बाईंनी पाठ करून घेतलीच, पण त्याआधी झाडं हातात दिली. शाळेमागचा तेरडा उपटून त्यांनी लाल शाईच्या पाण्यात उभा केला. त्याच्या पाणीदार खोडातून लाल रेघा वर चढलेल्या दिसल्या. ब्लेडने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर रंगलेले ठिपके कडेने गोलात मांडलेले. त्या जलवाहिन्या. पाणी वर नेणाऱ्या त्या पेशी स्वतः मेलेल्या आणि आतून पोकळ असतात, याचं मला अजून नवल वाटतं. नारळाच्या सोडणातला काथ्या आणि पेरूच्या गरातले रवाळ कण या दोन्ही दृढ ऊती, हेही तेव्हाच कळलं.

कोय कलमाला कोयीतून उगवलेलं, तांबूस पानांचं कोवळं रोप घेतो; हा खुंट. शेंडा छाटून खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी पाचरीसारखी तासून तिच्यात बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. सालीच्या आत पार्श्व विभाजी ऊतीचा, म्हणजे सतत नव्या पेशी तयार करणारा, थर असतो. खुंटाचा आणि काडीचा तो थर एकमेकांना भिडला, तरच दोघांच्या जलवाहिन्या आणि अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिन्या पुढे जोडल्या जातात. म्हणून काडी बारीक असेल तर ती मधोमध ठेवायची नाही, एका बाजूला सरकवून सालीला साल लावायची. जोड धरेपर्यंत काडीला खालून पुरेसं पाणी मिळत नाही, म्हणून तिची पानं आधीच काढलेली असतात.

नारळाचं कलम मिळेल का, असं गिऱ्हाईक हमखास विचारतं. नारळ एकदलिकित, म्हणजे बीत एकच दल असलेला, त्याच्या खोडात हा थरच नाही, वाहिन्या सगळीकडे विखुरलेल्या. जुळवायचं कशाला कशाशी? मी हे समजावून सांगतो आणि चांगल्या बियाण्याच्या नारळाचं रोप देतो.

शाळेला एकच विनंती आहे. नववीच्या मुलांना पावसाळ्यात एक दिवस माझ्या रोपवाटिकेत पाठवा. रोपं, काड्या, चाकू मी देईन. प्रत्येकाने आपल्या हाताने एक कलम बांधून घरी न्यावं.