तुमची चिमणी

शनिवार, रात्री साडेदहा

संध्याकाळी दुधाची पिशवी घेऊन गेटातून आत येत होतो, तर वॉचमनची बायको म्हणाली, "काका, तुमची चिमणी आमच्याकडं ऱ्हायला आली बघा."

हसत म्हणाली. मीही हसलो. अरे वा, छान छान, असं काहीतरी पुटपुटलो. मग लिफ्ट खाली उभी असताना जिन्याने चार मजले चढून आलो. का, ते माहीत नाही. वर पोचेपर्यंत घशाशी काहीतरी आलं होतं.

चिमणीने घर कुठे करावं यावरून पंचावन्न वर्षांच्या माणसाचं तोंड उतरतं, हे कुणाला सांगायची सोय नाही. हिने विचारलंच, "काय झालं?" दूध महाग झालंय म्हटलं.

त्यांच्या केबिनच्या पत्र्याखाली जुन्या मीटरचा लोखंडी डबा आहे. दार कधीच निखळलंय, आतल्या वायरी कुणीतरी कापून नेल्यात, एका कोपऱ्यात गंजून भोक पडलंय. त्या डब्यात! दुधाची पिशवी हातात धरून मी पाच मिनिटं तिथे उभा होतो. काळ्या गळ्याचा चिमणा डब्याच्या कडेवर बसून चिवचिवत होता, अगदी नवीन भाडेकरूच्या थाटात. मादी आत. कडेवरून गवताच्या काड्या, केरसुणीचे हीर आणि निळ्या प्लॅस्टिकचा एक धागा लोंबत होता.

आणि वर, माझ्या गॅलरीत, जानेवारीपासून एक घर टांगलेलं आहे. आत जायचं भोक सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिलिमीटरचं हवं, एवढं वाचून, मोजून, कागदावर काढून सुताराला दिलं होतं. त्याने दीड इंचाचं पाडलं. वर "जाऊ दे की ऐसपैस" म्हणाला. दीड इंचातूनही चिमणी जातेच म्हणा. जायचं असेल तर.

आत्ता वही काढून बेरीज केली. अण्णांची सवय, वहीसुद्धा त्यांच्यासारखीच लांबट, लाल पुठ्ठ्याची. बाजरी चार किलो, १८०. राळे अर्धा किलो, ७०. मातीचे परळ दोन, ८०. सुतार १००. हूक आणि तार ४५. काथ्या ३०. एकूण ५०५. घराचं प्लायवूड हिच्या कपाटाच्या उरलेल्या फळीचं, म्हणजे फुकट. रंगही गॅलरीच्या ग्रिलचा उरलेला. बाजारात आयतं घर साडेचारशेला होतं, तेव्हा "एवढे कशाला घालवायचे" म्हणून मी हे सगळं आरंभलं होतं. असो.

बेरीज केली म्हणून वाईट वाटलं, आणि बेरीज करावीशी वाटली म्हणून त्याहून जास्त. पाखरांचा हिशोब ठेवतो मी.

पण खरं टोचलंय ते पैशाचं नाही. तिचा तो शब्द आहे. "तुमची." ती सहज म्हणाली. इमारतीत दाणे टाकणारा मी एकटाच, म्हणून चिमण्या माझ्या. चार महिने मीही मनात तेच म्हणत होतो की काय? मनात असतं तोवर ठीक असतं. कुणी मोठ्याने म्हटलं, आणि तेही "तुमची आमच्याकडं आली" असं, की मग कळतं आपण काय धरून बसलो होतो.

ताईनेही त्या वेळी असंच... नको. ते आज नको.

जेवायला मात्र सगळी मंडळी माझ्याकडेच येतात. सकाळी सात-सव्वासातला सात-आठ जणं हजर. करवंटीच्या काठावर बसून बाजरी अशी खातात की दोन दाणे पोटात, चार खाली. राहायला तिकडे, जेवायला इकडे. म्हणजे मी खानावळ चालवतोय. तीसुद्धा अशी, की गिऱ्हाईक एक पैसा देत नाही.

झोप येत नाहीये.


रविवार, दुपार आणि मग रात्र

आज उन्हाचं तीन वाजता गॅलरीत गेलो. स्टुलावर चढून घराचं वरचं झाकण उघडलं आणि हात आत घातला. लगेच बाहेर काढला. इस्त्रीला हात लागल्यासारखा चटका. गॅलरी पश्चिमेची, पातळ प्लाय, वर ऑइल पेंट, आणि पुण्याचा एप्रिल. या भट्टीत मी अंडी घालायचं आमंत्रण देत होतो. उघडलंच होतं म्हणून नाक आत घातलं तर टर्पेंटाइनचा वास अजून गेलेला नाही. भोकाखाली शोभेची दांडी बसवून घेतली आहे, चित्रात असते तशी. चिमणीला दांडी लागत नाही. ती कावळ्याच्या सोयीची, त्याला उभं राहून आत चोच घालायला.

आणि घर रिकामं नव्हतं. कोपऱ्यात पाल होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच "सॉरी" म्हणालो.

मला हसू आलं, एकट्यालाच. कालपासून पहिल्यांदा.

मीटरचा डबा लोखंडी आहे, त्याचाही तवा व्हायला हवा. म्हणून मुद्दाम भर दुपारी खाली जाऊन पाहिलं. तो उत्तरेच्या भिंतीला आहे, वर पत्र्याची वीतभर वळचण, आणि पलीकडच्या शेवग्याची सावली दिवसभर. हात लावला नाही, पण भिंत गार होती. शेवग्याखाली सुकी माती. तिथे दोन चिमण्या पोट टेकून, पंख फुलवून मातीत लोळत होत्या, उन्हाळ्यात आपण थंड फरशीवर पडतो तशा. थोडं पुढे नळ गळतो. गेल्या महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो नळ दुरुस्त करा म्हणून मीच आग्रह धरला होता. नशीब, आमच्या सोसायटीत आग्रहाचं काही होत नाही.

म्हणजे सावली, माती, पाणी, वळचण, सगळं एका जागी. कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. माझ्याकडे सगळं मुद्दाम.

वाईच्या घरात तरी कोणी काय करत होतं? चिमण्यांना दाणे घालणं हा प्रकार मी लहानपणी पाहिलाच नाही. आई आणि काकू अंगणात बसून तांदूळ पाखडायच्या. सुपातून कणी, कोंडा, खडे पुढे पडायचे आणि चिमण्या सुपाच्या कडेपर्यंत यायच्या. ज्वारी निवडली तरी तेच. आता धान्य निवडून, पिशवीत बंद होऊन येतं. पाखडायला सूप नाही आणि सूप असलं तरी अंगण नाही. राहण्याचंही तसंच. तुळईच्या खाचा, वाशांच्या फटी, आणि भिंतीवरच्या तसबिरी. पणजोबांची तसबीर खिळ्याला तिरकी लावलेली असायची, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत दर वर्षी घरटं. पणजोबांच्या मागून काड्या लोंबायच्या, शेंडी सुटल्यासारख्या. खाली विष्ठा पडायची, आई रोज पुसायची, रोज कुरकुरायची. तसबीर सरळ कर, असं मात्र ती कधी म्हणाली नाही.

पंखा नवीन आला त्या वर्षी एक चिमणी पात्याला लागली. मला तो आवाज अजून आठवतो. त्यानंतर अण्णांनी माजघरातला पंखा मार्चपासून पिल्लं उडेपर्यंत बंद ठेवायचा नियम केला. एवढा मोठा पंखा वर, आणि आई खाली हातपंख्याने वारा घेत बसलेली. अण्णा चिमण्यांबद्दल कधी एक शब्द बोलल्याचं आठवत नाही. वहीत तर नाहीच नाही. आत्ता मुद्दाम त्यांची एक जुनी वही चाळली. पंखा आहे, त्याची किंमत आहे. चिमणी नाही.

आता आमच्याकडे सरकत्या खिडक्या, गुळगुळीत भिंती. तसबीर आहे, पण स्क्रूने चपखल बसवलेली. शहरात चिमण्या का कमी झाल्या याचं उत्तर मेव्हण्याकडे तयार असतं, "मोबाइल टॉवर." मी त्याला २०२० चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल दाखवला होता. त्यात म्हटलंय की देशभर धरलं तर पंचवीसेक वर्षांत चिमण्यांची संख्या साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटली. टॉवरचा तर पुरावाच मिळालेला नाही; किडे आणि घरट्याला जागा, या दोन गोष्टी कमी पडत असाव्यात. मेव्हण्याने मोबाइलवरच तो वाचला आणि मान हलवली. पटलं नाही.

किडे. आज खरा फटका तिथे बसला.

चार वाजता पुन्हा खाली गेलो. (हिने "आज किती वेळा?" असं विचारलं. सोसायटीचं काम म्हटलं.) नर आला, चोचीत हिरवी अळी. आत गेला, लगेच बाहेर. मग मादी, तिच्याकडे काहीतरी पंखवालं. पुन्हा नर. पंधरा मिनिटांत सहा फेऱ्या मोजल्या. एकाही फेरीत बाजरी नव्हती. आतून बारीक, दाटलेला किरकिराट येत होता. म्हणजे बिऱ्हाड कालचं नाही, मला कळलं काल. हे वाचलेलं होतं मी, पिल्लांना पहिले दिवस मऊ किडेच भरवतात, कोरडा दाणा त्यांना चालत नाही. वाचलेलं होतं आणि तरीही दर पंधरा दिवसांनी जास्वंदीच्या माव्यावर, लिंबाच्या अळ्यांवर मी फवारत होतो. पाच कुंड्या चकचकीत. आई-बापांना बाजरीची पंगत, आणि पिल्लांचं जेवण मीच मारून ठेवलेलं. असल्या आळीत कोण बिऱ्हाड करेल?

चिऊ-काऊच्या गोष्टीत कावळा दारावर उभा राहून "चिऊताई, चिऊताई, दार उघड" म्हणतो आणि आतून "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" येतं. आपण नेहमी चिऊच्या बाजूने असतो. काल रात्री मी कावळा होतो. फरक एवढाच, की मेणाचं घरही मीच बांधलं होतं आणि बाहेरही मीच उभा होतो. आत पाल तीट लावत बसलेली.

कबुतरांचं प्रकरण तर वहीत लिहिलंच नव्हतं, आता लिहितो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला तेव्हा ऑफिसात मी तावातावाने पालिकेची बाजू घेतली होती. विष्ठा, फुप्फुसं, आजार, सगळं सांगितलं. आणि डिसेंबरात माझ्याच कठड्यावर ताटलीत बाजरी ठेवली. चौथ्या दिवशी चौदा पारवे. खालच्या काकूंनी वाळत घातलेल्या पहिल्या कुरडया उचलाव्या लागल्या. काकू तीन दिवस बोलल्या नाहीत, चौथ्या दिवशी बोलल्या ते न बोलण्याहून वाईट होतं. मग करवंट्या आल्या. अर्धी करवंटी, काठाला तीन भोकं, सुतळीने टांगलेली. पारवा बसायला गेला की करवंटी कलंडते आणि तो फडफडत पडतो. चिमणीला झोका मिळतो. आठवड्यात पारवे गेले. राळे ठेवले तेव्हा ठिपकेवाल्या मुनियाही आल्या, दोन दिवस. राळे आणि करवंट्या, एवढीच माझी कमाई.

परळातलं पाणी रोज बदलतो, तेवढं बरं करतो. नाहीतर डासांची खानावळही माझ्याच नावावर.

२० मार्चला चिमणी दिन झाला. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी २०१० मध्ये सुरू केलेला हा दिवस आता आमच्या सोसायटीच्या ग्रुपपर्यंत पोचलाय. त्या दिवशी मी रिकाम्या हिरव्या घराचा फोटो टाकला होता. "लवकरच गृहप्रवेश." चाळीस अंगठे. वॉचमन त्या ग्रुपवर नाही.

संध्याकाळी मनाचा मोठेपणा दाखवायचा म्हणून अर्धा किलो बाजरीची पुडी घेऊन खाली गेलो. वॉचमनची बायको पायरीवर मेथी निवडत होती. म्हटलं, आता इथेच राहतायत तर इथेच टाकत जा मूठभर. तिने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नको काका. इथं टाकली की कबुतरं येतील. मग त्या डब्यातनं ह्यांना हाकलतील."

बरोबर होतं तिचं. इतकं बरोबर, की मला पुडी खिशातही घालता येईना.

"तुम्ही वरच टाका," ती म्हणाली. "खाऊन येतात की तुमच्याकडं. ही बी येती, सकाळच्याला."

डब्याच्या कडेला काथ्याचे दोन-तीन तंतू दिसले. मी गॅलरीच्या जाळीला पिंजून बांधलेला, तीस रुपयांचा. असं क्षणभर वाटलं, आणि छातीत काहीतरी हललं. मग लक्ष गेलं, तिच्या पायरीवरचं पायपुसणं काथ्याचंच आहे, आणि एका बाजूने चांगलं हातभर उसवलेलं.

वर येऊन हिरवं घर काढलं. पालीला जाऊ दिलं. ते आता स्वयंपाकघराच्या खिडकीवर, पूर्वेला, छज्जाखाली लावावं की नको, ठरत नाही. रंग खरवडावा लागेल, दांडी कापावी लागेल. वही उघडली आणि पॉलिश पेपर, २० असं लिहून खोडलं.

ही कुंड्यांना पाणी घालत होती. म्हणाली, "अहो, लिंबाला अळी पडलीय, बघितलंत का?"

बघितलंय, म्हटलं.