अमावस्येचा पाया

अमावस्येला पायाच्या कामाला हात घालणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. आमच्या सोसायटीत पाण्याची टाकी दुरुस्त करायची तरी सेक्रेटरी आधी कालनिर्णय उघडतात. पण वर्सोव्याला खाडीच्या अंगाला एका नाखव्याची जुनी वखार आहे, तिच्या पायाचं काम भर अमावस्येला पहाटे सुरू झालं.

वखार म्हणजे मंगलोरी कौलं, सागवानी खांब आणि खाली काळ्या दगडाचं जोतं. आत लहान होड्या, जाळी, बोये, वल्ही आणि ‘कधीतरी लागेल’ म्हणून ठेवलेलं एक बंद इंजिन. खाडीकडचा कोपरा खचत चालला होता. मिस्त्रीने भिंतीतल्या तड्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली. काच शाबूत राहिली तर तडा जुना, झोपलेला. तडकली तर भिंत अजून हलतेय. काच तडकली.

नाखवा माझ्या वडिलांचे दोस्त, म्हणून आम्ही काका म्हणतो. मिस्त्री घाटावरचा. त्याचा हिशेब साधा होता: उधाण टाळू, अष्टमीच्या आसपास भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं, पाणी शांत असतं, तेव्हा खणू. काका हसले. भांगाला भरती फार चढत नाही हे खरं, पण ओहोटीही फार उतरत नाही. पाण्याची ये-जा मधल्यामध्येच. पायाचा तळ उघडा पडणारच नाही. पौर्णिमा-अमावस्येला पाणी जितकं वर चढतं तितकंच खालीही जातं. ज्या उधाणाला आपण मरीन ड्राइव्हवर उभं राहून घाबरतो, तेच ओसरताना तळ मोकळा करून देतं.

वेळ काढायचा कोळीवाड्याचा हिशेबही तोंडी: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अमावस्या पंधरावी, म्हणजे सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास. रोज पाऊण तास पुढे. मिनिटांचा फरक पडतो, पण घमेलं उचलायला तेवढं पुरतं.

मग होळीच्या पौर्णिमेलाच का नाही? मिस्त्रीने विचारलं. शिमग्याला कोळीवाड्यात कोण कुदळ धरणार! म्हणून फाल्गुनी अमावस्या, पाडव्याच्या आधीची. मिस्त्रीने गुपचूप एक नारळ फोडला आणि कामाला लागला.

खणल्यावर खरा गुन्हेगार सापडला, आणि तो समुद्र नव्हता. मागे कधीतरी कुणीतरी जोत्याला बाहेरून सळया घालून सिमेंटचा जाड थर चढवला होता, ‘पाणी आत येऊ नये’ म्हणून. पाणी यायचं ते आलंच, खालून. भरतीला आत शिरायचं आणि ओहोटीला बाहेर पडायला वाट नाही. मग मिळेल त्या फटीतून जोरात निसटताना भरावातली बारीक रेती सोबत न्यायचं. रोज दोनदा. कोपऱ्याखाली पोकळी झाली ती अशी. त्यात खाऱ्या पाण्याने सळया गंजल्या. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, त्यामुळे तो थर आतूनच फुटला. मूळ दगड मात्र जागेवर होते. त्यांच्या सांध्यांत सुरखी घातलेला चुना होता. भाजलेल्या विटेची ती भुकटी चुन्यात मिसळली की तो ओलाव्यातही घट्ट होतो. मुंबईतल्या जुन्या गवंड्यांनी अशी कामं भरवशावर केली, आणि पुढच्यांनी त्यावर सिमेंट थापून स्वतःला शहाणं ठरवलं. (हे थापणारे प्रत्येक पिढीत असतात. आमच्या सोसायटीत तर बहुमतात आहेत.)

दुरुस्ती मात्र बघत बसण्यासारखी होती. वर तुळईला टेकू देऊन भार उचलून धरला. मग सगळा पाया एकदम न उघडता जेमतेम मीटरभर खणायचं, तेवढं दगडांनी भरून घट्ट करायचं, शेजारचा तुकडा सोडून पुढचा घ्यायचा. सोडलेले तुकडे नंतर. सलग उघडलं तर भिंत खाली बसेल. पाणी ओसरलं की दोनतीन तास मिळायचे. बिगारी गाळ उपसायचे, मिस्त्री डबर ठोकून बसवायचा, आणि काका दगडावर बसून पाण्याकडे नजर ठेवायचे. ‘आता आवरा’ म्हणाले की आवरायचं. एकदा मिस्त्री ‘काका, एवढं घमेलंभर’ म्हणत रेंगाळला. माल ओला असतानाच पाणी आलं आणि घमेलंभर काय, सकाळचं निम्मं काम खाडीत गेलं. त्यानंतर ओल्या मालावर गोणपाट आणि त्यावर चिकणमाती दाबल्याशिवाय तो हलला नाही.

शेवटी नव्या जोत्यात ठरावीक अंतरावर आरपार भोकं ठेवली. कंत्राटदार त्यांना वीप होल म्हणतात. मागे खडीचा थर, म्हणजे पाणी निघेल आणि रेती अडेल. १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागते आणि वखार भरते. त्याआधी काम आटोपलं.

काकूंना मात्र ती भोकं पटेनात. गुळगुळीत प्लास्टर व्हायला हवं होतं, त्यांचं म्हणणं.

“यातून खेकडे येतील की रे आत!”

मिस्त्रीने जाळी बसवून देऊ का विचारलं. काकूंनी क्षणभर विचार केला.

“नको,” त्या म्हणाल्या, “येऊ देत.”