गार्टरची वही, दुसरा मोसम: रंग नको, ओळ मोजा

मंडळी, हिवाळ्यात बाहेर पडणं बंद झालं तेव्हा मागच्या मोसमाची सापांच्या नोंदींची वही आणि सगळे फोटो पहिल्यापासून तपासायला घेतले. एकूण 61 नोंदी, त्यांतल्या 9 खोडाव्या लागल्या. नऊही चुकांचं कारण एकच निघालं: मी रंग बघून नाव लिहिलं होतं. म्हणून या मोसमात एक नियम केला. नोंदीत रंग सगळ्यात शेवटी लिहायचा, जात ठरवून झाल्यावर.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. मी कॅनडात, ऑन्टारिओतल्या लंडन शहरात राहतो. इथल्या थेम्स नदीच्या काठाला ईस्टर्न गार्टर हा साप भरपूर. पाठीवर मधोमध एक पट्टा, दोन्ही कुशींवर एकेक, बिनविषारी, बेडूक आणि गांडुळं खाणारा. सातारा भागात वाढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा तोंडातून ‘नानेटी!’ असंच येतं, आणि ते फारसं चूकही नाही. नानेटी, दिवड आणि गार्टर एकाच कुळातले. नानेटीसारखेच याचेही खवले कणा (मधोमध उंचावलेली रेघ) असलेले खरखरीत, अंगाच्या मध्यावर तसेच 19 ओळींत. नानेटी अंडी घालते आणि हा थेट पिल्लं देतो, हा मोठा फरक.

19 एप्रिल. तापमान 12 अंश, ऊन चांगलं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर दगडांच्या राशीपाशी एक जाड मादी आणि तिच्याभोवती चार नर, सगळे एकमेकांत गुंतलेले. दहा पावलांवर बसून राहिलो. मादीचे पट्टे मळकट पिवळे, मधली जागा तपकिरी. एका नराचे पट्टे हिरवट, एकाचे जवळजवळ निळे. तिसऱ्याला पाठीचा पट्टा असून नसल्यासारखा आणि अंगभर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके. चौथा पुस्तकातल्या चित्रासारखा, काळ्यावर स्वच्छ पिवळा. त्यातच मादीने श्वास भरून अंग फुगवलं आणि खवल्यांच्या फटींतून पांढऱ्या रेघा उमटल्या. डिवचलेली नानेटी मान फुगवते तेव्हा आतला निळा किंवा तांबडा रंग दिसतो ना, अगदी तसं. एक क्षणापूर्वी तपकिरी असलेला साप आता ठिपक्यांचा दिसत होता. हेच पाच साप पाच दिवशी वेगवेगळे भेटले असते तर मागच्या वर्षी मी किमान तीन नावं लिहिली असती.

7 मे. मागच्या वर्षी ‘रिबन साप’ (गार्टरचाच सडपातळ भाऊबंद) म्हणून लिहिलेला फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. सडपातळ साप, झळझळीत पिवळे पट्टे. माझा सगळा भरवसा या दोन गोष्टींवर होता. आता ओळी मोजायला बसलो. पोटाखालच्या रुंद आडव्या खवल्यांना लागून जी खवल्यांची पहिली रांग, ती एक नंबर. तिथून वर जायचं. ही मोजणी अंगाच्या पुढच्या भागात, मानेपासून थोडं मागे करायची, कारण शेपटीकडे ओळी कमी होत जातात. माझी मुलगी शेजारी येऊन बसली. मी पडद्यावर पेन्सिलीचं टोक ठेवत होतो आणि ती मोजत होती. ‘‘बाबा, पहिल्यावर काही नाही. पट्टा दुसऱ्यावर सुरू होतो, तिसऱ्यावर संपतो.’’ दुसरी आणि तिसरी म्हणजे ईस्टर्न गार्टर. रिबन सापाचा कुशीचा पट्टा तिसऱ्या आणि चौथ्या ओळीवर असतो. बटलर्स गार्टर ही गार्टरचीच दुसरी जात, इथे धोक्यात आलेली; तिचा पट्टा तिसऱ्या ओळीवर आणि तिच्या वरखालच्या ओळींच्या लगतच्या भागावर असतो. एका खवल्याचा फरक. पट्टा पिवळा आहे की निळा याचा इथे काहीही संबंध नाही.

त्या दिवसापासून फोटो काढायची पद्धतच बदलली. आधी मी वरून काढायचो, तसेच सगळे काढतात, आणि वरून कुशीची ओळ मोजताच येत नाही. आता मोबाइल जमिनीला टेकवून आडवा धरतो. पहिला फोटो कुशीचा, दुसरा चेहऱ्याचा बाजूने, आणि साप थांबलाच तर तिसरा वरून. चेहऱ्याचा फोटो ओठांसाठी हवा. गार्टरच्या वरच्या ओठावर साधारण सात खवले असतात आणि त्यांच्या सांध्यांवर काळ्या उभ्या रेघा. रिबनचा ओठ कोरा असतो आणि डोळ्याच्या अगदी पुढे एक पांढरी उभी खूण. साप हातात घ्यायची गरज एकदाही पडली नाही. घेतला तर तो उग्र वासाचा द्रव सोडतो आणि वास दोन-तीनदा हात धुतल्याशिवाय जात नाही. पण खरं कारण ते नाही. एप्रिलमध्ये बिळातून नुकत्याच बाहेर आलेल्या जिवाला धरून ठेवणं मला पटत नाही.

जून. या महिन्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आमच्या बागेच्या कडेला एक जुनी फळी पडलेली आहे. तिच्याखाली एक मादी राहते, शेपटीचं टोक तुटलेलं, त्यामुळे ओळखू येते. मागच्या वर्षीच्या वहीत ही दोन साप म्हणून नोंदलेली सापडली! 3 जूनला डोळे दुधाळ निळसर, अंग राखाडी, पट्टे जेमतेम दिसणारे. 12 जूनला तीच मादी काळीभोर आणि पट्टे लिंबासारखे पिवळे. मध्ये फक्त कात पडली होती.

ती कात फळीखालीच होती. उलटी झालेली, मोज्यासारखी, शेपटीकडे थोडी फाटलेली. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवली, सकाळी सरळ केली आणि खिडकीच्या काचेवर चिकटवली. पिवळा रंग पूर्ण गेलेला, फक्त पाठीकडे एक धूसर करडी छाया. बाकी सगळं जागच्या जागी. प्रत्येक खवल्याच्या मध्यावर कण्याची बारीक रेघ, बोटाला लागणारी. मध्यावर ओळी मोजल्या, 19. मग गुदद्वारावरचा खवला पाहिला. अखंड, मध्ये चीर नाही. इथल्या पाणसापाचा आणि डीकेज ब्राऊन या छोट्या तपकिरी सापाचा हा खवला दुभंगलेला असतो, आणि डीकेजच्या मध्यावर ओळीही 17 असतात. म्हणजे रंग नावाची गोष्टच हाती नसताना कुळाच्या आतली ओळख पटली. मला वाटतं प्रत्येकाने साप ओळखायला शिकताना आधी एक कात काचेवर लावावी. आपल्याकडे धामणीची कात सहज मिळते, तिच्यावरही करून बघा. खवले मोजायची सवय डोळ्याला लागते.

20 जुलै, लाँग पॉइंट. ईरी सरोवरात शिरलेली ही वाळूची लांब पट्टी. इथे काळे गार्टर भेटतात हे वाचलं होतं, पण समोर आल्यावर दचकायला झालं. पूर्ण काळा, मखमली, फक्त हनुवटीखाली पांढरं. पट्टाच नाही, म्हणजे माझी ओळ मोजायची पद्धत इथे चालत नाही. या भागात काळे हॉगनोज (वर वळलेल्या नाकाचे साप) असतात, गडद पाणसापही असतात. त्यामुळे ‘काळा’ हे उत्तर होऊच शकत नाही. नाक वर वळलेलं नव्हतं, म्हणून हॉगनोज बाद. ओठाचे खवले सात. पुढे तो गवतात गेला, तेव्हा वहीत ‘बहुधा गार्टर’ एवढंच लिहिलं.

दुपारी त्याच रस्त्यावर तसाच एक गाडीखाली मेलेला दिसला. काडीने उलटा केला. गुदद्वारावरचा खवला अखंड, मध्यावर ओळी 19. वाईट वाटलं, पण त्याच्यामुळे सकाळची नोंद पक्की व्हायला मदत झाली. सरोवराकाठच्या गारव्यात काळं अंग लवकर तापतं, पण शत्रूच्या नजरेतही लवकर येतं. हा काळेपणा एका अप्रभावी जनुकाचा आहे हे मिशिगन विद्यापीठातल्या फ्रीडा कॉब ब्लँचर्ड आणि त्यांचे पती फ्रँक यांनी साप पाळून, पिढ्या वाढवून दाखवलं. ते काम 1941 साली छापलं गेलं, फ्रँक यांच्या मृत्यूनंतर. म्हणूनच पट्टेरी आईच्या पोटी पट्टेरी आणि काळी पिल्लं एकत्र जन्मू शकतात.

संध्याकाळी पाणथळीच्या कडेला खरा रिबन साप भेटला, पहिल्यांदाच! तिसरी-चौथी ओळ, कोरा ओठ, डोळ्यापुढे पांढरी खूण, शेपटी अंगाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. एकदा हा पाहिला की मागच्या वर्षी मी बारीक गार्टरलाच रिबन कसं म्हटलं, याचं नवल वाटतं.

28 ऑगस्ट. फळीखाली पिल्लं. सात दिसली, पेन्सिलीएवढी लांब. दोघांचे पट्टे नारिंगीकडे झुकणारे, एकाचे फिके हिरवे. तुटक्या शेपटीची आई आसपास नव्हती, त्यामुळे ही तिचीच असं लिहिलेलं नाही. चार पिल्लांच्या कुशीचे फोटो नीट आले: दुसरी-तिसरी, चौघांचीही. उरलेल्या तिघांसाठी उद्या सकाळी ऊन फळीवर यायच्या आत पुन्हा जातोय.