वेबसाइट ताब्यात देताना

आज एका छोट्या कारखान्याची वेबसाइट नव्या होस्टिंगवर (साइट जिथे ठेवली जाते त्या सर्व्हरवर) नेऊन मालकांच्या ताब्यात दिली. फ्रीलान्स काम करणाऱ्यांनी या हस्तांतराचे तास कोटेशनमध्येच वेगळे धरावेत, असं माझं ठाम मत आहे.

डोमेनच्या (वेबसाइटच्या नावाच्या) नोंदी सांभाळणारे नेमसर्व्हर बदलले की साइट दिसते, पण ग्राहकाचा ईमेल बंद पडू शकतो. कारण जुन्या डीएनएसमधल्या, म्हणजे डोमेनच्या नोंदवहीतल्या, एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम या ईमेलसाठीच्या नोंदी नव्या ठिकाणी आपोआप येतीलच असं नाही. आधी त्या उतरवून तिथे भरायच्या, मगच बदल करायचा. फक्त होस्टिंगच बदलायचं असेल तर नेमसर्व्हरला हातच लावू नका. आदल्या दिवशी ए रेकॉर्डचा (डोमेन कोणत्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरत्र साठवून ठेवण्याचा वेळ, 300 सेकंदांवर आणा आणि मग तेवढा आयपी (सर्व्हरचा पत्ता) बदला. जुनं होस्टिंग आठवडाभर चालू राहू द्या.

डोमेन ग्राहकाच्याच नावावर आणि ईमेलवर हवं. आपल्या खात्यात घेतलेलं डोमेन म्हणजे उद्याचं भांडण! बॅकअपमध्ये फाइल्सबरोबर डेटाबेसही द्या, नाहीतर वर्डप्रेसमधला मजकूर परत मिळत नाही. हा बॅकअप एकदा दुसरीकडे चढवून बघाच.

कोटेशनमध्ये पानांची संख्या, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या आणि मजकूर-फोटो कोण देणार हे स्पष्ट लिहा. काम रखडतं ते बहुतेक वेळा मजकुरासाठीच. पैसे 40 टक्के आगाऊ, 40 टक्के डिझाइन मंजूर झाल्यावर आणि उरलेले 20 टक्के साइट लाइव्ह करण्याआधी घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के वेगळे दाखवा.